तिसरी ब मधला ढग

"बाक मागे घ्या रे, आज हवेला जागा लागणारे!"

वर्तकनगरमधल्या आमच्या शाळेत हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, तिसरी ब मध्ये बाईंचा परिसर अभ्यासाचा तास सुरू झाला. मी शेजारच्या वर्गात चौथीला शिकवायचो. बाक सरकायचे, टाळ्यांचा ठेका सुरू व्हायचा आणि माझी पोरं भिंतीला कान लावून बसायची.

बाई कल्याणहून यायच्या. पदर कमरेला खोचला की सगळ्या वर्गाला पाणी करून टाकायच्या. मुलं हातात हात घालून, अंगाला अंग लावून डुलायची. "ऊन वाढलं!" म्हणत बाई ठेका वाढवायच्या. मुलं थरथरायला लागायची, हात सुटायचे, एकेक जण चवड्यांवर उंच होत लांब निघायचा. ती वाफ. मग ठेका संथ व्हायचा. "वर गारवा आहे गं, जरा दमानं." मुलं मंदावायची आणि धुळीच्या कणाभोवती गोळा व्हायची. तो झाला थेंब. थेंबाला थेंब मिळाले की ढग.

धूळ व्हायला कुणी तयार नसायचं. सगळ्यांना वारा व्हायचं असायचं. एकदा बाई म्हणाल्या, "वेड्यांनो, धूळ नसेल तर थेंब धरणार कुणाला?" त्या दिवसापासून धूळ होण्यावरून भांडणं लागायला लागली.

त्या वर्गात प्रज्ञा नावाची मुलगी होती. शब्द तिच्या ओठांशी येऊन अडायचा. म्हणून आधीच्या वर्गांत तिला कुणी प्रश्नच विचारले नव्हते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं. "सांग, ढग कसा तयार होतो?" 'बा' वर ती अडकली. बाष्पीभवन काही पुढे सरकेना. मग तिने चपला काढल्या आणि साहेबांसमोर नाचून दाखवलं. आधी पाणी, मग वाफ, गारवा, सगळ्यात शेवटी दोन्ही मुठी छातीशी घट्ट धरलेला थेंब. काहीही चुकलं नाही. मी दारातच उभा होतो.

साहेब हसले. "छान हं. पण उत्तर तोंडाने द्यायचं असतं, बाळ. बस खाली."

बाई पुढे झाल्या. "साहेब, तिने उत्तर दिलंय. तुम्हाला वाचता आलं नाही."

झालं! दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी बाईंना बोलावून घेतलं. मीही सोबत गेलो.

"पालक विचारतात बाई, आम्ही पोरं शिकायला पाठवतो की नाचायला? ही शाळा आहे, तमाशाचा फड नाही."

"दोन्ही एकदम होतं, सर. वर्गात येऊन बघा ना."

बघायला कोण येतंय! वर्गात नाच बंद, असा हुकूम सुटला. बाईंनी हुकूम पाळला. मुलं बाकांवर बसून व्याख्या लिहायला लागली, आणि प्रज्ञा पुन्हा गप्प झाली.

खरा संताप तर पुढे आहे. गॅदरिंग जवळ आलं तसे हेच सचिव बाईंकडे आले. "पाहुणे येणारेत. पोरांचा एखादा झगमगीत डान्स बसवा. सिनेमातलं गाणं घ्या."

"ढगाचा बसवते."

"अहो, लोकांना तिथे विज्ञान कुठे बघायचंय?"

"मग दुसऱ्या कुणाला सांगा," बाई म्हणाल्या.

आठ वर्षांच्या मुलींना ओठ रंगवून कंबर हलवायला लावणं, ही संस्कृती. त्याच मुलींनी वाफ होऊन वर जाणं, हा तमाशा! हे गणित मला आजही सुटलेलं नाही. मी मुख्याध्यापकांशी भांडलो. ते म्हणाले, "अरे, वरून आलंय."

नव्या वर्षी बाईंना वर्गच दिला नाही. वाचनालयात बसवलं. दिवाळीच्या आत त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या भाषणात सचिवांनी त्यांच्या 'नृत्याच्या छंदाचं' कौतुक केलं. बाईंनी सत्काराची शाल परत टेबलावर ठेवली. "छंद नाही सर, मी विज्ञान शिकवत होते," एवढंच म्हणाल्या आणि खोपटच्या एसटी स्टँडवर बस पकडायला निघाल्या.

आता तिसरी ब मध्ये मोठा स्क्रीन लावलाय. पाहुणे आले की त्यांना आवर्जून तिथे नेतात. स्क्रीनवर समुद्र तापतो, बाणांच्या खुणा वर चढतात, ढग आपोआप जमतो. समोर मुलं बसलेली असतात. हाताची घडी, तोंडावर बोट.