कोंबड्या उठवणाऱ्या प्रमिलाबाई

प्रमिलाबाई शेडमध्ये निळंच लुगडं नेसून यायच्या. दोन लुगडी होती, दोन्ही एकाच रंगाची. भाचीच्या लग्नाच्या सकाळी नवं पातळ नेसून आल्या, बाहेरच्या खोलीत ते बदलून निळं नेसल्या, कोंबड्यांना पाणी दिलं आणि पुन्हा पातळ नेसून मांडवात गेल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "रंग बदलला की बुजतात जी. कोपऱ्यात एकमेकीवर चढतात, खालच्या मरतात. अन् इथं नटून मले कोनाले दाखवाचं हाय?"

पारशिवनीजवळच्या आमच्या जमिनीवर मी ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड टाकलं, तेव्हा मला कोंबडीतलं काही कळत नव्हतं. याद्या मात्र उत्तम करता येत होत्या. प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं तासांप्रमाणे लिहून मी दारावर चिकटवलं. दुपारी बारा ते चार : कोंबड्यांवर पाणी मारणे. प्रमिलाबाईंनी दुसऱ्यांच्या शेडांवर बारा वर्षं काढली होती. त्या यादीकडे बघायच्या आणि हात बादलीत बुडवून दाराबाहेर धरायच्या. "हात लवकर वाळला तर पानी मारा. नाही वाळला तर नोका मारू." मे महिन्यात तो क्षणात वाळायचा, म्हणून माझी यादी आणि त्यांचा हात यांचं कधी भांडण झालं नाही.

भांडण झालं जूनमध्ये. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, पान हलत नव्हतं. दोन हजार कोंबड्या तयार होत्या आणि त्या न्यायला संध्याकाळी गाडी येणार होती. अकराला वीज गेली, पंखे थांबले. जनरेटर दोनदा गुरगुरला आणि गप्प झाला. प्रमिलाबाई मेकॅनिकला बोलवायला गावात गेल्या. इकडे कोंबड्या चोची उघडून, पंख पसरून धापा टाकायला लागल्या. बारा वाजता मी यादी पाहिली आणि पाइप उचलला.

शेडचा पुढचा भाग भिजवून झाला तेवढ्यात त्या आल्या. आधी नळ बंद केला, मग बोलल्या.

"काहून पानी मारून राहिल्या जी?"

"यादीत आहे. मे महिन्यात असंच केलं होतं ना?"

"तुमच्या कागदाले घाम येते काय?" त्यांनी हात बादलीत बुडवून माझ्यासमोर धरला. आम्ही दोघी बघत राहिलो. हात ओलाच. "पाहा. आपलं अंग वाळून नाही राहिलं, कोंबडीचं कसं वाळन? खाली पसरलेल्या भाताच्या तुसाची वाफ होऊन राहिली. शिजवता काय त्याइले?"

मग त्यांनी मला कामाला जुंपलं. शेडच्या जाळीवरचे पडदे पूर्ण उघडे. खाद्याची भांडी वर, कारण खाल्लं की अंगातली उष्णता आणखी वाढते. आणि मग चालणं. "बसलेली कोंबडी पोटाखाली गरमी दाबून बसते. उठली की निंगते. चाला."

शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय घासत, हात अंगाशी धरून. मी घाबरून भरभर चालायला लागले तर मागून आवाज आला, "पळू नोका ताई! ढीग लागन कोपऱ्यात." कोंबड्यांशी मात्र त्या मऊ बोलत होत्या. "उठ वं माय. बसू नोको. गाडीपर्यंत तरी उभी राह्य." भिजलेल्या भागात एक कोंबडी आडवी झाली, मग दुसरी, मग मोजणं सुटलं. मी उचलायला वाकले. "मेलेल्या मागून. जित्या पाहा."

साडेतीनला वीज आली. मेलेल्या त्रेसष्ट. जवळजवळ सगळ्या मी पाणी मारलं तिथल्या.

"माझ्यामुळे मेल्या," मी म्हणाले.

"हो जी." एवढंच. धीर वगैरे दिला नाही. चहा मात्र त्यांनीच मांडला.

पुढे त्यांचे गुडघे धरले. नागपुरात सक्करदऱ्याला राहणारी मुलगी कधीची बोलवत होती. भादव्यातल्या ज्या दुपारी त्या निघणार होत्या, त्याच दुपारी पुन्हा वीज गेली. माझी नजर आपोआप त्यांच्याकडे गेली. त्या जाळीबाहेर उभ्या होत्या, काखेत पिशवी.

"मी आत येत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या कोनाले बोलवान?"

मी पडदे उघडले, भांडी वर घेतली आणि एकटी चालायला लागले. पहिल्या फेरीला बाहेरून आवाज आला, "पाय घासत!" दुसऱ्या फेरीला, "हळू." तिसऱ्या फेरीला काहीच आलं नाही.

टोकाला जाऊन वळले तर जाळीपलीकडे त्या रस्त्याला लागल्या होत्या, गुडघा सांभाळत. मागे वळून बघितलं नाही. मोठ्याने हाक मारली असती तर कोंबड्या बुजल्या असत्या. मी मारली नाही. पुढची फेरी सुरू केली.