पिनेच्या टोकाला कुंकू

नावेत पाय ठेवण्याआधी ती मागच्या मोटरीवर हात ठेवायची, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मला विचारायची, "काऊन बाबू, इले चहा पाजला का आज?"

धरणाचं पाणी अडलं आणि तिच्या गावाची बाजाराची वाट बुडाली. मी ठेकेदाराच्या भंगारातून एक जुनी मोटर घासाघीस करून उचलली, नावेच्या मागं लटकवली आणि माणसं पलीकडं नेऊ लागलो. ही म्हातारी माळीण दर बाजाराला वांग्यांची टोपली घेऊन यायची आणि भाडंही वांग्यांतच द्यायची. भाव करण्यात मला तालुक्यात कोणी हरवलं नव्हतं. हिनं दर वेळी हरवलं. मी दोन-चार जास्त मागितली की, "मोटर का वांगे खाते बे?" म्हणून निम्मीच ठेवायची. उतरताना मात्र एक जास्तीचं वांगं न बोलता माझ्या मांडीवर टाकायची. भांडून घेणारी आणि गुपचूप परत करणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

दसऱ्यानंतरच्या बाजारी मोटर बिघडली. हळू चालवली तर नीट चाले. मूठ पिळून वेग द्यावा तर धापा टाकून बसे. मी प्लग पुसला, कार्बोरेटर धुतला, पंख्यात अडकलेलं शेवाळ काढलं. पेट्रोलवाल्याला शिव्या घातल्या. पलीकडचा काठ हाकेवर आला, पाणी उथळ झालं, तेव्हा मोटर पुन्हा बसली आणि माझं डोकं फिरलं.

"कोनीतरी मोटरीले हात लावला! ज्याचं काम असन त्याले इथंच पान्यात उतरवीन, मंग कोनीबी असो!"

"उतरव ना बाबू," म्हातारी टोपलीमागून म्हणाली, "पन आधी आमाले पोचव." सगळी नाव हसली.

मग माझ्या ध्यानात आलं. पेट्रोल पाहायला टाकीचं झाकण उघडलं की मोटर थोडा वेळ धावते. लावलं की पुन्हा धाप. झाकणावर एक बारीक भोक असतं. त्यातून हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. ते भोक बुजलं होतं. टोचायला मी काहीतरी मागितलं. म्हातारीनंच बांगडीतली पिन काढून दिली.

पिनेच्या टोकाला वाळलेलं कुंकू आलं.

म्हातारी पिनेकडं पाहत राहिली. "दसऱ्याले समद्याइनं आपापले औजारं पुजले," ती म्हणाली. "इच्या कपाळी कोनीच काई लावलं नोतं. म्हनून म्या..."

"बसून राह्य माय." एवढंच म्हणायचं होतं. बाजारात शंभर माणसांना गप्प करणारी माझी जीभ हलली नाही. चारचौघांत बोललेला शब्द मागं घ्यायचा मला कमीपणा वाटला.

तिनं टोपली डोक्यावर घेतली, लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरली. "उतरून राह्यली बाबू. तूच म्हनला ना."

मी मूठ पिळली. मोटर सुसाट निघाली आणि तिच्या लाटांनी म्हातारी कमरेपर्यंत भिजली.

त्यानंतर ती डोंगराच्या लांबच्या वाटेनं बाजाराला जायची. मी निरोप धाडले, भाडं नको म्हणालो. ती आली नाही. मग एका उन्हाळ्यात ती गेल्याचं कळलं. तिची पिन माझ्याकडंच राहिली.

मला तिचा राग अजून येतो. इतक्या बाजारांत माझा एकही बोल तिनं घासाघीस केल्याशिवाय घेतला नव्हता. नेमका तोच तेवढा घेतला.