निखाऱ्यांचं गाणं

आठवीतून शाळा सुटली आणि जालन्याकडचं गाव सोडून मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्याच चर्चमधल्या एका विधवा बाईंची मागची खोली राहायला मिळाली. सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही. भाड्यात रविवारचं जेवण धरलेलं होतं. ते का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं तर बंद होईल अशी भीती.

चर्चमध्ये तेव्हा जास्त चालायची त्या गाण्यांत होडी बुडायची, दिवा विझायचा आणि तिसऱ्या कडव्याला बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. त्या गाण्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण मी आधीच धास्तावलेला माणूस. सुपरवायझरनं नुसतं वळून पाहिलं तरी मी झालेलं काम पुन्हा तपासायला घ्यायचो. गाण्यात आणखी कुठं बुडायचं?

मग तरुण संघानं नवी गाणी बसवली. एक गिटार, एक ढोलकी. चाली साध्या, शब्द त्याहून साधे. त्यातलं एक मला फार आवडायचं. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परतलेले कोळी, काठावर पेटलेले निखारे, त्यांवर मासे, शेजारी भाकरी. आणि तिथं बसलेला प्रभू म्हणतो, या, न्याहारी करून घ्या. बस. कुणाला काय वाटलं, कुणाचे डोळे भरले, काही नाही. रात्रपाळी करून सायकलवर परतताना मी ते गुणगुणायचो.

त्याच सुमारास वडील गेले. तार हातात पडली तेव्हा माती होऊन गेली होती. गावी जाऊन आलो. परतल्यावर मावशींनी घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवली. आमच्यात अशा वेळी ज्याचं माणूस गेलं त्यानं गाणं सांगायचं असतं. मला अजून रडूच आलं नव्हतं. बापासाठी पोराच्या डोळ्यात टिपूस नाही, असं लोक म्हणतील, याच धाकात मी सतरंजीवर बसलो होतो.

"सांग रे," मावशी म्हणाल्या. "मन मोकळं कर. लय दाबून ठेवलंय पोरानं."

मी निखाऱ्यांचं गाणं सांगितलं.

"ते न्याहारीचं? बाप गेलाय ना रे तुझा, का सहलीला चाललास?"

चर्चचे पाळकसाहेब प्रार्थना चालवायला आले होते, ते म्हणाले, "मावशी, गाणं त्यानं सांगायचं असतं."

"मी कुठं नाय म्हणते? पण त्याला टाळ्या येत्यात."

"टाळ्या नका वाजवू, मावशी. पण हेच म्हणू या." एवढं धिटाईनं मी त्यांच्यापुढे कधी बोललो नव्हतो.

ढोलकीवाला एरवी लग्नांत वाजवणारा. गडबडीत त्यानं हळदीचाच ठेका धरला. आधी चुकचुक, मग खुसखुस. "आरं, नवरी कुठंय?" मावशींनीच विचारलं. बिचाऱ्यानं ढोलकी बाजूला सरकवली. मग नुसत्या गिटारवर गाणं सुरू झालं.

न्याहारीच्या ओळीशी मी अडलो. वडील बोलके नव्हते. कुठूनही घरी आलो की "जेवलास का?" एवढंच. नाही म्हटलं की आईला हाक. शाळा सुटली त्याबद्दलही कधी काही काढलं नाही. शाळा सोडून घरी आलो त्या दिवशीसुद्धा हेच विचारलं होतं. मी आपला त्यांच्या मापाचं मोठं दुःख शोधत बसलो होतो, आणि ते या एका साध्या ओळीत मजेत मावत होते.

गाणं संपलं.

"रडवत नाय की काय नाय," मावशी म्हणाल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. "गुमान जेवायला बोलावतंय फक्त." मग म्हणाल्या, "परत म्हणा बरं. मला दुसरं कडवं येत नाय."

परत म्हटलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघून एकेक शब्द उचलत होत्या, त्यामुळे मला मधे थांबता येईना. डोळ्यांतून येत होतं ते येऊ दिलं, आणि शब्द तेवढे स्पष्ट म्हणत राहिलो, त्यांचं चुकू नये म्हणून.