फोटोतले हात आणि दुकानातली पोत

गेल्या मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीतल्या, दोऱ्यात दागिने गाठवणाऱ्या पटवेकरीण मावशींवर अन्याय झाला. बाजारातल्या एका दागिन्यांच्या दुकानदाराने त्या दिवशी त्यांच्या हातांचा भलामोठा फोटो दुकानात टांगला. खाली लिहिलं, ‘हाताने गाठवलेले दागिने, कारागिरांना आधार’. त्याने मावशींकडून नमुन्याची एक मंगळसूत्राची पोत करून घेतली होती, तेव्हाच तो फोटो काढलेला. फोटोखाली मांडलेला माल मात्र बाहेरून आणलेला, यंत्रावरचा. मावशींना साधं विचारलंही नाही.

मावशी ओट्यावर बसतात. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरतात आणि काळे मणी, सोन्याचे मणी एकेक गाठ मारत ओवत जातात. त्यांच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. फोटोत ते स्वच्छ दिसायचं. त्यामुळे दुकानातली पोत वाढली (आमच्याकडे तुटली म्हणत नाहीत) की बायका तडक मावशींकडे यायच्या, भांडायला.

“संक्रांत झाली की ओटा बंद,” मावशी मला म्हणाल्या. “सासूपासनं चालत आलेलं नाव हाय. त्याला शिव्या ऐकायच्या न्हाईत मला.”

मी पत्रक लिहिलं होतं, ‘हातांची चोरी’. त्यांना वाचून दाखवलं.

“लई वरडतंय गं तुझं पत्रक,” त्या म्हणाल्या. “दुकानात चल म्हणू नको. मी न्हाय यायची.”

तेवढ्यात सांगोल्याहून एक बाई आली. रुमालात पोत, चेहरा लाल.

“तुमच्या हाताला काय झालंय मावशी? आठवडाभर तरी टिकायची.”

“आधी मान हिकडं कर. भांडण मग कर,” म्हणत मावशींनी दोऱ्यात हळकुंड ओवून तिच्या गळ्यात बांधलं आणि पोत हातात घेतली.

माझं डोकंच फिरलं. “हात लावू नका. त्या दुकानदाराला निस्तरू दे.”

“आन् हिला उघड्या गळ्यानं पाठवू व्हय? त्याच्यावरचा राग हिच्या गळ्यावर कशाला?”

पोत वाढलेल्या बाईला पटवेकरीण परत पाठवत नाही, माल कुणाचाही असो. मंगळसूत्राबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो वाद घालायची ती वेळ नव्हती.

ती बाई समोर बसून बघत राहिली. जुन्या पोतीत दोरा नव्हताच. बारीक तार होती आणि टोकाला वाळलेला गोंद. तिने ती तार उचलली.

“म्हणजे ही तुमची नव्हतीच?”

“मी कवा म्हनले माजी हाय?”

“मग इतकं ऐकून का घेतलंत?”

“तू दम घेतलास कुटं?”

नवी पोत गळ्यात पडल्यावर बाई उठली. “चला दुकानात. मी येते की तुमच्याबरोबर.” माझ्या पत्रकासाठी न हललेल्या मावशी पायात चपला घालून निघाल्या.

दुकानात गर्दी होती. सांगोल्याच्या बाईने तार काचेवर ठेवली आणि काय झालं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दुकानदार म्हणाला, “ताई, फोटो नुसता सजावटीला आहे.”

मावशी म्हणाल्या, “मग तुजे हात लाव की. गोरे हायेत.”

बायका हसल्या. एकीने हातातली पोत ट्रेमध्ये परत ठेवली, मग तिच्या शेजारणीने. आमच्यादेखत दुकानदार स्टुलावर चढला आणि फोटो उतरवला.

संक्रांत होऊन गेली. ओटा चालू आहे. सांगोल्याची बाई मध्यंतरी दोन्ही जावांना घेऊन आली होती. मावशींनी सुनेलाही समोर बसवलंय. तिचा अंगठा अजून दुखतो, पण गाठी बसायला लागल्यात.

आता तुमच्याशी बोलते. ‘हाताने बनवलेलं’ असं लिहिलेला दागिना घ्याल तेव्हा विचारा, कुणाच्या हाताने? ती कुठे बसते? म्हणा, मला तिला भेटायचंय, पत्ता द्या. दुकानदार टाळाटाळ करायला लागला, तर दागिना काचेवर ठेवा आणि बाहेर पडा.