आभारकाकू

आमच्या वाचनालयात व्याख्यान असो की मुलांचं गोष्टवाचन, शेवटी आभार मानायला उठायच्या त्या शिवणकाम करणाऱ्या आभारकाकूच. पाहुण्यांचे आभार, खुर्च्या मांडणाऱ्याचे आभार. पंख्यालाही त्या सोडायच्या नाहीत. "जे आले नाहीत त्यांचेही आभार," त्या गंभीरपणे म्हणायच्या, "त्यांच्यामुळे खुर्च्या पुरल्या." आम्ही घड्याळ बघत त्यांच्या नावानं बोटं मोडायचो.

परवा तिथेच काकूंची शोकसभा झाली. सगळं गाव लोटलं, खुर्च्या पुरल्या नाहीत. ग्रंथपाल बोलले. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, परत खाली बसले, आणि बसूनच राहिले. कोणी हलेना.

शेवटी मागच्या रांगेतून काकूंचे यजमान वैतागून म्हणाले, "उठा आता. ती काही येत नाही."