डिकीतली खडखड

पीथमपूरला कारखाने नुकतेच उभे राहत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी देवासला एका कारखान्यात मशीन-दुरुस्तीच्या खात्यात होतो आणि दर रविवारी इंदूरवरून बस बदलून धारला घरी यायचो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, एक जुनी मोटार भाड्याने चालवायचा. लग्नाची वऱ्हाडं, कुक्षीच्या बाजाराला जाणारे व्यापारी, अमझेऱ्याच्या देवळाला निघालेली कुटुंबं. वडील संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे आईला हे रुचत नसे. "आपल्याकडे गाडीत बसणारे झाले, हाकणारा हाच पहिला," असं ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात दादाने गाडीत टेप बसवला. इंदूरच्या एका रेडिओवाल्याकडून प्लायवूडच्या खोक्यात दोन मोठे स्पीकर करून आणले आणि ते डिकीत ठेवले. टेप सुरू झाला की गाण्याचे शब्द कमी आणि ढोलाचे ठोकेच जास्त ऐकू येत. अंगणात गाडी उभी असली तरी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पेले थरथरायचे. आणि त्या ठोक्यांबरोबर अख्खी डिकी खडखडायची.

"भाऊजी, ती डिकी तेवढी गप्प करून द्या," वहिनी मला म्हणाल्या. "शेजारचे विचारतात, भिया, डिक्की में कोई बंद है क्या?"

दादा हसला. "मला तर काही खडखड ऐकू येत नाही," तो म्हणाला. मला ती थट्टा वाटली.

कारखान्यात मी हेच काम करायचो. मशीन का थरथरतं, कुठला भाग कुठल्या भागावर आपटतो, ते हाताने चाचपून शोधायचं. पुढच्या रविवारी सकाळी मी डिकी उघडून सगळं सामान बाहेर काढलं. दादा पुढे बसून टेप लावी, मी एकेका पत्र्यावर तळहात दाबून धरी. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज थांबे, तो पत्रा चोर.

नंबर प्लेट पहिली सापडली. तिच्यामागे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालून स्क्रू आवळले. जॅक आणि पाने गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधले. स्टेपनीचा बोल्ट ढिला होता, तो कसला. तळाच्या पत्र्यावर डांबराचा थर दिला, त्यावर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा अंथरला, आणि स्पीकरच्या खोक्याखाली जाड रबर ठेवलं. बिजागऱ्यांना ग्रीस लावल्यावर त्यांची किरकिर गेली. दुपारपर्यंत बहुतेक आवाज बसले. तोवर झाकण उघडं होतं आणि दादा दर वेळी खिडकीतून डोकं काढून मागे माझ्याकडे बघत होता. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

एक आवाज मात्र राहिला. बारीक, दात वाजल्यासारखा. तो फक्त झाकण बंद असतानाच यायचा. मग मी ठरवलं की आपणच डिकीत शिरायचं.

"मी आत आडवा होतो," मी दादाला म्हणालो. "झाकण लाव आणि टेप मोठा कर. मी आतून पान्याने तीन ठोके दिले की टेप बंद करून झाकण उघड."

त्याने माझ्या तोंडाकडे बघत मान हलवली. मी बॅटरी आणि एक पाना घेऊन खोक्याशेजारी अंग चोरून झोपलो. झाकण पडलं, खटका लागला.

आत डांबराचा उग्र वास होता. वरचा पत्रा उन्हाने इतका तापला होता की कोपर लागलं तर चटका बसे. टेप सुरू झाला आणि ढोल माझ्या बरगड्यांवरच वाजायला लागला. आवाज लगेच सापडला. झाकणाच्या कुलपाची जीभ खाचेत सैल होती, प्रत्येक ठोक्याला हलत होती. काम झालं होतं. मी पान्याने तीन ठोके दिले.

टेप चालूच राहिला.

मी पुन्हा तीन ठोके दिले. मग मोजायचं सोडून ठोकतच राहिलो. "दादा, उघड," असं ओरडलो. मागच्या सीटच्या पत्र्याला एक फट होती. तिच्यातून मला त्याची मान दिसत होती. तो अगदी निवांत बसला होता, पाठ सीटला टेकून, ढोलाबरोबर हळूहळू मान डोलावत. मधे दोन-तीन हातांचं अंतर होतं. घाम डोळ्यांत जात होता, श्वास तोकडा पडत होता, आणि माझ्या मनात एकच गोष्ट येत होती की हा मुद्दाम उघडत नाही.

झाकण उघडलं ते वहिनींनी. त्यांचे हात पिठाचे होते.

"तुम्ही ठोकत होतात," त्या म्हणाल्या. "मला स्वयंपाकघरात ऐकू आलं."

मी जमिनीवर बसलो. टेप तसाच वाजत होता, दादा पाठमोराच होता. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी नजर खाली वळवली.

"क्षयाची ती इंजेक्शनं घेत होते ना, तेव्हापासून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी कानात शिट्टी वाजते म्हणायचे. मग बोलणं तुटक ऐकू यायला लागलं. आता ओठ बघून समजून घेतात. हा ढोल तेवढा पाठीला कळतो, म्हणून तो टेप. कुणाला सांगू नका, भाऊजी. गाडी गेली तर घरी बसून वेडे होतील."

मी आईला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कुलपाच्या खाचेत चामड्याचा तुकडा बसवला, झाकण लावलं, आणि डिकी अगदी गप्प झाली. दादाने माझी पाठ थोपटली.

त्यानंतरच्या रविवारी आईला अमझेऱ्याला देवीच्या दर्शनाला जायचं होतं. मी दादाच्या शेजारी बसलो, आई आणि वहिनी मागे. आपण सोबत आहोत, आपले कान आहेत, एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली होती. टेप चालू होता आणि डिकीतून आता फक्त खोल ठोके येत होते.

परतीच्या वाटेवर एका अरुंद पुलाच्या अलीकडे मागून ट्रक आला. त्याचा हॉर्न आम्हा तिघांना ऐकू आला. दादा रस्त्याच्या मधूनच चालला होता. हॉर्न पुन्हा वाजला, मग थांबेचना.

"दादा, बाजूला घे," मी ओरडलो. तो समोर बघत राहिला. मी त्याचा दंड धरला, आणि तिथेच चूक झाली. मी काय म्हणतो ते कळावं म्हणून त्याने रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं. तेवढ्यात ट्रक बाजूने घुसला. पत्र्याला पत्रा घासला, आरसा उडाला. मी स्टीअरिंग डावीकडे खेचलं. गाडी खडीवर घसरत एका बाभळीला टेकून थांबली. पुलाचा कठडा आमच्यापासून चार पावलांवर होता.

कुणाला फारसं लागलं नव्हतं. वहिनींचं मनगट मुरगळलं होतं. टेप वाजतच होता, तो मी बंद केला.

मग आई पुढे वाकली आणि दादाच्या कानापाशी साध्या आवाजात म्हणाली, "पाणी हवंय का तुला?"

तो समोरच बघत होता. तिने पुन्हा विचारलं. नंतर ती मागे टेकली आणि मला म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"आठ दिवस," मी म्हणालो.

"मला," वहिनी म्हणाल्या, "वर्ष होत आलं."

आईने पदराने तोंड पुसलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. दादाने आम्हा तिघांचे चेहरे एकामागून एक बघितले आणि त्याला कळलं. त्याने किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली. धारपर्यंत मी गाडी चालवली. तो शेजारी, दोन्ही हात डॅशबोर्डवर पसरून बसला होता.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शनांनी गेलेलं परत येत नाही, आणि उरलंय तेही जाईल. ते गेलंच. गाडी विकली. दादाला ओळखीच्या छापखान्यात खिळे जुळवायचं, जुळारीचं काम मिळालं. तिथे यंत्रांच्या गोंगाटात कुणीच कुणाशी बोलत नसे, त्यामुळे तो रमला. घरी वहिनी बोलण्याआधी त्याच्या खांद्याला हात लावायला शिकल्या. आईला मात्र ते शेवटपर्यंत जमलं नाही. ती दारातून त्याला हाक मारायची, आणि तो वळला नाही की तिथेच उभी राहायची.