विसरलेल्या विश्वासाचं काय?

त्यांना सगळे कवळीकाका म्हणायचे. बोळाच्या टोकाला एका खोलीत ते दातांच्या कवळ्या बनवत. टेबलावर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि अंगावर कायम पांढरी भुकटी. "म्हाताऱ्यांना हसवायचा माझा धंदा," असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत.

रविवारी मात्र उपासना आटोपली की चर्चच्या मागच्या खोलीत ते मोठ्या माणसांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत. एक रंगारी, दवाखान्यातली एक आया, शिवणकाम करणाऱ्या दोघी-तिघी. जन्मभर प्रार्थना केलेली ही माणसं, पण कुणी "तुमचा देव एक की तीन?" असं विचारलं की त्यांचं ततपप व्हायचं. पाळकांना, चर्चच्या धर्मगुरूंना, विचारायची लाज वाटे. काकांसमोर कसली लाज? त्यातल्या निम्म्यांची तोंडं काकांनी आतून पाहिली होती.

"देव एकच," काका सांगत, "पण तो एकलकोंडा नाही. जग नव्हतं तेव्हाही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं एकमेकांवर प्रेम होतंच. आपल्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. तरी त्याने आपल्याला घडवलं."

मागच्या बाकावरून त्यांची बायको, काकू, म्हणत, "अहो, जरा सोपं करून सांगा. माझ्याच डोक्यावरून गेलं."

मग काका तारणाकडे, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेकडे वळत. "तारण म्हणजे पगार नव्हे, भेट आहे. वधस्तंभावर येशूने सगळं केलं. आपण फक्त हात पुढे करायचा. तो पुढे केलेला हात म्हणजे विश्वास." हे वाक्य त्यांचं फार लाडकं होतं.

पुढे काकू विसरायला लागल्या. आधी गीतांचे शब्द गेले, मग गॅस बंद करायचं भान गेलं, मग पोटची मुलगी. "या बाई कोण आल्यात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मुलगी मोरीत जाऊन नळ सोडून रडली. काका तिला समजावत राहिले. आजार आहे, त्यात हिचा काय दोष?

पण एका रविवारी येशूचं शरीर म्हणून वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर तोंडात घेताच काकूंनी ती तळहातावर थुंकली. "विष घालता काय मला?" त्या ओरडल्या. काकांनी ती ओली भाकर त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः खाल्ली.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केलं. "हा कुणाचा, आठवतं का गं?"

काकूंनी निरखून पाहिलं. "माझा नाही बाई. ज्याचा असेल त्याला देऊन टाका."

विश्वास म्हणजे पुढे केलेला हात, असं काकांनी लोकांना घोकवलं होतं. आता हिने हात मागे घेतला होता. मग हिचं काय? ते तसेच चपला अडकवून पाळकांकडे गेले.

"देवावर सोपवा, काका," पाळक म्हणाले.

"सोपवतोच आहे. पण काय म्हणून सोपवू? विश्वास धरणारी म्हणून, की नाकारणारी म्हणून?"

पाळकांनी त्यांचा हात धरला. "उत्तर मला पाठ आहे, काका. पण तुमच्यासमोर तोंडातून निघत नाही."

काकांनी वर्ग बंद केला. काकूंना कामाच्या खोलीत शेजारी बसवून ते साचे घासत बसत. एक दिवस मेण तापवता तापवता त्यांची पाठ वळली आणि काकू बाहेर पडल्या. चौकात, गाड्यांच्या मधोमध त्या सापडल्या. काकांनी धावत जाऊन मनगट पकडलं.

"सोडा! कोण हा माणूस? वाचवा मला!" काकूंनी आकांत मांडला. लोक जमले, एकाने काकांची कॉलर धरली. काकूंनी त्यांच्या हाताचा असा कडकडून चावा घेतला की रक्त आलं. तेही काकांनीच बसवून दिलेल्या दातांनी. काकांनी मनगट सोडलं नाही. वर्गातली आया कुठूनशी आली, "अहो, नवरा आहे तो तिचा!" म्हणाली, तेव्हा कॉलर सुटली.

पुढच्या रविवारी आयाने सगळ्यांना गोळा केलं आणि काकांना जवळजवळ ओढतच आणलं. हाताला पट्टी होती.

"आज शिकवायला माझ्याकडे काही नाही," काका म्हणाले.

रंगारी चाचरत म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलं होतं, हात पुढे करायचा. मग काकू..."

"हो. सांगितलं होतं." काकांनी पट्टीचा हात वर केला. "चौकात तिने मला धरलं नव्हतं रे. मी धरलं होतं. ती शिव्या देत होती, तरी धरलं होतं. देवाच्या कृपेचा अर्थ एवढाच असेल, तर ती वाचली. देव माझ्यापेक्षा कोत्या मनाचा नसेल ना?" त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "हे मी शिकवत नाहीये. मी भीक मागतोय."

बाकावर बसलेल्या बायका रडत होत्या.

काकू त्यानंतर हिवाळ्यापर्यंत जगल्या. येशूचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही, नवऱ्याचंही नाही. शेवटी तर अन्नही तोंडात धरून बसत, गिळायचं असतं हे विसरून. दफनाच्या वेळी सगळ्यांनी मिळून विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली म्हटली. 'मेलेल्यांचं पुनरुत्थान' या शब्दांपाशी काकांचा आवाज बंद पडला. बाकीचे पुढे म्हणत राहिले. रंगाऱ्याने त्यांना दंडाला धरलं होतं.

वर्ग पुन्हा सुरू झाला, पण काका आता अडखळत शिकवतात. नुकतंच एका शिवणकामवालीने विचारलं, "काका, शरीराचं पुनरुत्थान म्हणजे हेच शरीर का हो? की दुसरं काही?"

काकांनी हातावरच्या चाव्याच्या वणावर अंगठा फिरवला.

"हेच, पण बरं झालेलं, असं ख्रिस्ती मंडळी मानते," ते म्हणाले. "कसं, ते मला विचारू नका. तिने मला ओळखून दारातून हाक मारली पाहिजे, एवढंच मला हवंय. ते जर व्हायचं नसेल..."

वाक्य तसंच राहिलं. मग खुर्ची जवळ ओढून ते म्हणाले, "चला, आणखी कुणाचं काय आहे?"